आज्ञा, नोंद आणि मोर्तब

१. ग्रंथभांडार आणि यंत्रभांडार

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय हे भारतातील जुन्या ग्रंथसंग्रहांपैकी एक होय. नायक राजांच्या काळी त्याचा आरंभ झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे मराठी राज्य स्थापिल्यावर त्या घराण्याने तो संग्रह जोपासला, आणि १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी त्याला आजचे भव्य रूप दिले. ताडपत्रे, कागदी पोथ्या, नकाशे, चित्रे आणि मोडी लिपीतील दफ्तरांचे रुमाल असे त्याचे वैभव आहे. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

हा संग्रह टिकला तो केवळ भिंतींमुळे नव्हे. त्याची वेळोवेळी मोजदाद झाली, म्हणून तो टिकला. ए. सी. बर्नेल यांनी येथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० साली प्रसिद्ध केली. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ ते १९३४ या वर्षांत एकोणीस खंडांची वर्णनात्मक सूची सिद्ध केली. जी पोथी यादीत आहे पण कपाटात नाही, तिचा शोध घेता येतो. जी कपाटात आहे पण यादीत नाही, ती असून नसल्यासारखी असते. ग्रंथपालाचा हा जुना अनुभव आता एका नव्या क्षेत्रात पुन्हा शिकावा लागत आहे.

पोथ्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवण्याचे काम आज देशातील अनेक ग्रंथालयांत चालू आहे. या प्रतिमा सर्व्हर नावाच्या, अहोरात्र चालणाऱ्या संगणकांवर राहतात. असे शेकडो किंवा हजारो सर्व्हर ज्या इमारतीत एकत्र ठेवलेले असतात, तिला डेटा सेंटर म्हणतात. तेथे प्रत्येक यंत्रापुढे माणूस बसलेला नसतो. एक माणूस आज्ञांची यादी लिहून ठेवतो आणि यंत्रे ती ठरल्या वेळी स्वतः अमलात आणतात. या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. ‘रात्री दोन वाजता सर्व प्रतिमांची दुसरी प्रत करावी, जुन्या प्रती काढून टाकाव्यात’ हे काम अशीच एखादी वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट करीत असते.

या वीस-पंचवीस ओळी चुकल्या तर काय होते, चूक शोधावी कशी, आणि ती शोधण्याचे दायित्व कोणाचे, हा या लेखाचा विषय आहे. त्यात मांडावयाचे मत असे: स्क्रिप्ट बंद पडणे ही मोठी आपत्ती नव्हे, ती मुकाट्याने बंद पडणे ही खरी आपत्ती होय. म्हणून ज्या संस्थेने समाजाचा ठेवा यंत्रांच्या स्वाधीन केला आहे, तिने यंत्राला आज्ञा देण्याच्या कलेइतकीच यंत्राचे उत्तर वाचण्याची कला आपल्या घरात बाळगली पाहिजे.

२. आज्ञेचे उत्तर

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची उभारणी सुरू केली. आज्ञेची ओळ वाचून ती पार पाडणाऱ्या तिच्या भागाला ‘शेल’ असे नाव मिळाले. एका आज्ञेचे फलित नळीतून पाणी सोडावे तसे दुसऱ्या आज्ञेला देण्याची डग्लस मॅक्इलरॉय यांची ‘पाइप’ची कल्पना १९७३ साली युनिक्समध्ये आली. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश हे शेल १९८९ साली प्रथम बाहेर पडले, आणि मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल २००६ साली. आजच्या सर्व्हरांचा फार मोठा कारभार याच घराण्यातील साधनांवर चालतो.

युनिक्सच्या शेलांत एक संकेत समान आहे. काम संपताना प्रत्येक आज्ञा एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे काम झाले. अन्य कोणताही अंक म्हणजे काही बिघडले. बॅशमध्ये १२७ हा अंक सांगतो की त्या नावाची आज्ञाच सापडली नाही. १२६ सांगतो की सापडली, पण ती चालविता येत नाही. याखेरीज बिघाडाचे कारण सांगणारा मजकूरही बहुधा येतो. परंतु शेलचा स्वभाव असा की, मुद्दाम बजावून ठेवले नाही तर एक आज्ञा फसली तरी ते थांबत नाही. खालच्या ओळीकडे वळते. एखाद्या कारकुनाला ‘पेटी उघडा, कागद मोजा, पेटी बंद करून मोहोर लावा’ असे सांगावे, आणि पेटी न उघडताच त्याने मोहोर तेवढी लावून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

पाइपच्या बाबतीत हा धोका अधिक सूक्ष्म आहे. समजा, पहिली आज्ञा प्रतिमा वाचते आणि दुसरी त्या दाबून लहान करून साठविते. पहिली फसली, पण दुसरीने मिळालेल्या शून्य मजकुराची व्यवस्थित पुडी बांधली, तर शेल शेवटच्या आज्ञेचाच अंक पाहते आणि ‘शून्य’ म्हणजे यश नोंदविते. त्याच स्क्रिप्टमध्ये सात दिवसांपेक्षा जुन्या प्रती पुसण्याची आज्ञा असेल, तर आठवडा उलटेपर्यंत सर्व चांगल्या प्रती नाहीशा होऊन रिकाम्या पुड्या मागे राहतात. नोंदवहीत मात्र प्रत्येक रात्रीपुढे ‘यशस्वी’ असेच लिहिलेले असते.

३. दोष कोठे लपतात

असे दोष वरवर पाहता परस्परांपासून फार भिन्न दिसतात. परंतु त्यांची कुळे थोडी आहेत. तंजावरसारख्या संग्रहाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे ती चटकन ध्यानी येतात.

पहिले कुळ नावांचे. फायलीच्या नावात मोकळी जागा असेल आणि स्क्रिप्टमध्ये ते नाव अवतरणचिन्हांत घातले नसेल, तर शेल एका नावाची दोन नावे करते. भारतीय लिप्यांत आणखी एक अडचण आहे. मराठीतील ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एकच अक्षरचिन्ह म्हणून, किंवा साध्या र-ला नुक्ता जोडून. तमिळमधील ओकाराचे चिन्हही अखंड किंवा दोन भागांत, असे दोन प्रकारे साठविले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. मोडी, देवनागरी, तमिळ आणि तेलुगू साहित्य एकत्र असलेल्या ठिकाणी ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप आला, तर फाइल हरवली आहे असे मानण्यापूर्वी तिच्या नावाचे चिन्हांकन तपासणे शहाणपणाचे.

दुसरे कुळ परिस्थितीचे. जी स्क्रिप्ट दिवसा हाताने चालविली असता निर्दोष चालते, तीच रात्री आपोआप चालविली असता फसते. कारण दिवसा ती एका माणसाच्या खात्यातून चालते. त्या खात्याला आज्ञा कोठे शोधाव्यात हे ठाऊक असते. रात्री वेळापत्रक सांभाळणाऱ्या ‘क्रॉन’च्या हाताखाली तिला ही माहिती अपुरी मिळते. वेळेचीही अशीच गफलत होते. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘रात्री दोन’ म्हणून नेमलेले काम अशा यंत्रावर तंजावरात सकाळी साडेसात वाजता सुरू होते. आणि पहाटे तीनला घडलेली घटना नोंदवहीत आदल्या तारखेखाली जाते. हे ठाऊक नसलेला शोधक चुकीच्या दिवसाची पाने चाळीत बसतो.

तिसरे कुळ अर्धवट राहिलेल्या कामाचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाने कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर, नागपट्टिनम्, तिरुवारूर या जिल्ह्यांना झोडपले. अनेक गावांतील वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित होता. वीज अचानक गेली की चालू स्क्रिप्ट मध्येच तुटते. एकाच वेळी दोनदा काम सुरू होऊ नये म्हणून अनेक स्क्रिप्ट आरंभी एक खूण-फाइल निर्माण करतात आणि शेवटी ती पुसतात. काम मध्येच तुटले तर ती खूण तशीच राहते. वीज आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा जागी होते, खूण पाहते, ‘काम आधीच चालू आहे’ असे समजून परत जाते, आणि हे रोज घडत राहते. वादळ ओसरून जाते; पण प्रती घेणे बंद पडलेले असते आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नसते.

चौथे कुळ अनेक यंत्रांना एकदम आज्ञा देण्यातून उत्पन्न होते. दहा सर्व्हरांची यादी एकेक ओळ वाचून प्रत्येकावर तेच काम करावयाचे असते. दूरच्या यंत्राशी जोडून देणारी आज्ञा कधी कधी यादीतील उरलेल्या नऊ ओळी स्वतःसाठी आलेला मजकूर समजून गिळून टाकते. पहिल्या यंत्रावर काम होते, यादी संपते, कोणतीही तक्रार न येता स्क्रिप्ट थांबते. दहांपैकी नऊ यंत्रे उपाशी राहिली हे मोजल्यावाचून कळत नाही. एकोणीस खंडांची सूची करणाऱ्या पंडितांनी जे केले, म्हणजे प्रत्यक्ष वस्तू मोजून यादीशी ताडून पाहणे, त्याला येथेही पर्याय नाही.

४. तीन बोलकी उदाहरणे

असे दोष लहान संस्थांतच घडतात, ही समजूत खरी नाही. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याला राखीव सर्व्हरवरील एक साठा पुसावयाचा होता. आज्ञा दिली गेली ती मुख्य सर्व्हरवर. सुमारे तीनशे गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट शिल्लक असताना ती थांबविण्यात आली. मग राखीव प्रती शोधल्या, तेव्हा कळले की त्या घेणारे साधन साठ्याच्या आवृत्तीशी न जुळणारे असल्याने ते काम फसतच होते. आणि फसल्याचे इशारे देणारी ईमेल पत्रेही स्वीकारली जात नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून हानी सुमारे सहा तासांच्या माहितीपुरती मर्यादित राहिली. चुकीच्या यंत्रावर दिलेली आज्ञा हा येथे एका क्षणाचा दोष होता. न वाचला गेलेला निरोप हा त्याहून जुना दोष होता.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला अमेझॉनच्या साठवण-सेवेत काही थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी ठरलेली आज्ञा देताना एक नोंद चुकीची टंकित झाली. अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले, आणि असंख्य संकेतस्थळे काही तास अडखळली. कंपनीने त्यानंतर केवळ टंकलेखकाला दोष दिला नाही. आवश्यक किमान यंत्रसंख्येच्या खाली जाणारी आज्ञा साधनाने स्वतःच नाकारावी, अशी सुधारणा तिने केली.

तिसरे उदाहरण जपानमधील क्योतो विद्यापीठाचे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट वजनाच्या, जवळजवळ तीन कोटी चाळीस लाख फायली नाहीशा झाल्या. दहा दिवसांहून जुन्या नोंदवह्या पुसणारी एक स्क्रिप्ट तेथे होती. पुरवठादार कंपनीने ती अधिक सुवाच्य करून जुन्या स्क्रिप्टच्या जागी ठेवली; परंतु त्या क्षणी जुनी स्क्रिप्ट चालू होती. बॅश संपूर्ण स्क्रिप्ट एकदम वाचून घेत नाही, चालता चालता वाचते. त्यामुळे वरच्या ओळी जुन्या आणि खालच्या नव्या अशी विचित्र आज्ञा तयार झाली. नव्या ओळींना लागणारी नावे रिकामीच राहिली, आणि ठरावीक नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फायलींवर पुसण्याची आज्ञा चालून गेली. चौदा संशोधन-गटांना झळ लागली. त्यांतील चार गटांची माहिती राखीव प्रतींतून परत मिळविता आली नाही.

मराठी वाचकाला या घटनेत एक ओळखीची गोष्ट दिसावी. मराठी राज्यकारभाराच्या दफ्तरपद्धतीत राजपत्राच्या अखेरीस ‘मोर्तब’ नावाची लहान मुद्रा उमटवीत. तिचा अर्थ, मजकूर येथे संपला. यापुढे कोणी अक्षर वाढवू नये. पत्राची नोंद दफ्तरात झाल्याची ‘बार’ ही खूणही केली जाई. आज्ञा सुटल्यावर तिचा मजकूर बदलू नये, आणि कोणती आज्ञा सुटली याची नोंद आज्ञेहून वेगळ्या जागी असावी, ही दोन सूत्रे त्यात होती. क्योतो येथे पहिले सूत्र मोडले. नवी स्क्रिप्ट वेगळ्या नावाने ठेवून, जुनीचे काम संपल्यावरच तिच्याकडे कारभार सोपविला असता, तर हा अनर्थ टळला असता.

५. शोधाची रीत

दोष शोधण्याला प्रतिभा लागत नाही, शिस्त लागते. प्रथम निरोप शब्दशः वाचावा आणि उतरून घ्यावा. ‘काहीतरी चूक आली’ ही तक्रार निरुपयोगी असते. त्यानंतर चार प्रश्न विचारावेत: आज्ञा कोणत्या यंत्रावर चालली, कोणाच्या खात्यातून, कोणत्या फोल्डरमध्ये आणि कोणत्या घड्याळाप्रमाणे? कित्येक कोडी येथेच सुटतात. न सुटल्यास दोष लहान करून पुन्हा घडवावा. दहा हजार प्रतिमांऐवजी दोन प्रतिमा आणि दहा सर्व्हरांऐवजी एक घ्यावा. बॅशला ‘एक्स’ हा पर्याय दिला असता प्रत्येक आज्ञा ती कशी समजली हे चालविताना छापून दाखविते. लिहिणाऱ्याच्या मनातील आज्ञा आणि यंत्राला पोचलेली आज्ञा यांतील अंतर तेथे उघडे पडते. एका वेळी एकच बदल करावा, कारण दोन बदल एकत्र केले तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळत नाही.

स्क्रिप्ट लिहितानाच तिला बोलकी करणे हा याहून चांगला मार्ग आहे. एक आज्ञा फसताच थांबावे, रिकामे नाव आढळताच थांबावे, आणि पाइपमधील कोणतीही कडी तुटली तर अपयश मानावे, असे तीन पर्याय बॅशमध्ये आहेत. त्यांनाही अपवाद आहेत, म्हणून त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. पण त्यांच्यावाचून लिहिलेली, फायली पुसणारी स्क्रिप्ट कोणत्याही संस्थेने स्वीकारू नये. पॉवरशेलमधील पुष्कळ आज्ञांना ‘व्हॉट-इफ’ हा पर्याय देता येतो. मग यंत्र काम न करता आपण काय केले असते तेवढे सांगते. प्रती घेणाऱ्या आरसिंक या साधनातही अशी सोय आहे. नाट्यप्रयोगापूर्वी रंगीत तालीम घेतात, तशी प्रत्येक संहारक आज्ञेची तालीम घ्यावी. आणि शेवटी, राखीव प्रतीची परीक्षा तिच्यापासून मूळ वस्तू परत उभी करूनच होते. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत आहे असे म्हणण्याला आधार नाही.

६. दायित्व कोणाचे

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्रंथालयाने ग्रंथ सांभाळावेत, यंत्रांचे काम कंत्राटदाराने पाहावे. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. लहान संस्थेला स्वतंत्र अभियंता परवडत नाही, आणि बाहेरच्या जाणकाराची मदत घेण्यात कमीपणा नाही. परंतु क्योतो येथील स्क्रिप्ट पुरवठादारानेच बदलली होती, आणि गेलेले संशोधन मात्र विद्यापीठाचे होते. काम दुसऱ्याकडे सोपविता येते. हानी सोपविता येत नाही. म्हणून संस्थेने निदान चार गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात: प्रत्येक स्क्रिप्टची एक प्रत, तिच्यातील प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद, तिच्या निरोपांची रोजची वाचणूक आणि ठरावीक मुदतीने एक प्रत परत उभी करून पाहण्याची परीक्षा. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना अभियंता नव्हे, दक्ष ग्रंथपाल पुरतो.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता स्क्रिप्ट लिहून देणारी आणि तपासून देणारी बुद्धिमान यंत्रे निघाली आहेत. मग माणसाने हे शिकावे कशाला? ही साधने उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु कोणती पोथी अमोल आहे, कोणता फोल्डर पुसणे क्षम्य आहे आणि कोणता नाही, हे त्या यंत्राला संस्थेनेच सांगावे लागते. लिहिणे सोपे झाले म्हणजे तपासण्याचे काम घटत नाही, वाढते. कारण न समजता लिहिलेल्या आज्ञांची संख्या वाढते.

तंजावरच्या मोडी दफ्तरांपासून येथे एक शेवटचा बोध घेता येतो. ते कागद नष्ट झाले नाहीत. त्यांचे वाचक विरळ झाले. १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनाबरोबर तेथील मराठी दरबार संपला, आणि ज्या लिपीत रोजचा हिशेब लिहिला जात असे ती वाचण्यासाठी पुढे तज्ज्ञ शोधावे लागले. जिचा लेखक नोकरी सोडून गेला, जिच्यात एकही खुलाशाची ओळ नाही आणि जिला हात लावण्यास सर्व जण भितात, अशी स्क्रिप्ट हीदेखील वाचकाविना उरलेली मोडीच होय. फरक एवढाच की, मोडी रुमाल कपाटात निरुपद्रवी पडून असतो. ही स्क्रिप्ट मात्र रोज रात्री आज्ञा सोडीत असते.

म्हणून शाळांत संगणक शिकविताना केवळ आज्ञा पाठ करून घेण्यावर समाधान मानू नये. विद्यार्थ्याला मुद्दाम बिघडविलेली दहा ओळींची स्क्रिप्ट द्यावी, तिचा निरोप वाचावयास लावावा, आणि दोष कसा सापडला ते मराठीत चार वाक्यांत लिहवून घ्यावे. इंग्रजी निरोपाची भीती त्यानेच जाते. आणि नोंद मातृभाषेत लिहिली म्हणून तिचे मोल तिळमात्र कमी होत नाही. अशी सवय जडलेला तरुण पुढे ग्रंथालयात, रुग्णालयात किंवा तहसील कचेरीत गेला, तर नोंदवहीतील ‘यशस्वी’ या एका शब्दावर तो संतुष्ट राहणार नाही. तो कपाट उघडून पोथी मोजील.